उजव्या खांद्याचे बैल

माझे सासरे आणि मुख्तारसाहेब एकमेकांशी बोलत नसत. भांडण होतं म्हणावं तर तसंही नाही. एकाच सहकारी सोसायटीचे सभासद, शेताला शेत लागून, घरंही एकाच गल्लीत. पण सरळ एक शब्द नाही. एकानं म्हणायचं, "त्यान्ला सांगा." मग मध्ये जो कोणी असेल त्यानं, मुख्तारसाहेब चार हातांवर उभे राहून सगळं ऐकत असले तरी, तेच पुन्हा त्यांना सांगायचं. लग्न होऊन आले तेव्हा मला याचं फार हसू यायचं. पुढे तो मधला माणूस मीच झाले आणि माझं हसू आटोपलं.

आमचं गाव निजामाच्या राज्यात जहागिरीचं. जहागीरदार हैदराबादेत राहायचे, त्यांना गावानं कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. गावाला ठाऊक होते ते त्यांचे मुख्तार, म्हणजे कारभारी. वेशीजवळच्या कचेरीत वेताच्या खुर्चीवर ते बसत आणि तिथून गाव चालवत. पोळ्याच्या दिवशी वेशीतून पहिली जोडी जायची ती जहागिरीची. बाकीच्यांनी मागून, आपापल्या मानाप्रमाणे. मामंजी विशीत असताना एका पोळ्याला त्यांनी आपली जोडी मुद्दाम पुढे घातली. मुख्तारसाहेबांनी त्यांना कचेरीसमोर दिवस मावळेपर्यंत उन्हात उभं केलं. उन्हातून सुटले ते घरी न येता आष्टीच्या पुढे, नगरच्या हद्दीत गेले आणि तिथल्या निजामाविरुद्धच्या कॅम्पात सामील झाले. देशासाठी गेले असं ते भाषणात सांगत. सासूबाई म्हणायच्या, "आदी रागानं गेलते. देश मागून आला."

मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि मामंजी परत आले ते कचेरीवर झेंडा लावायलाच. आजूबाजूच्या गावांत त्या दिवसांत जे झालं त्याबद्दल आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे. आमच्या गावात मामंजी हातात काठी घेऊन तीन दिवस मुख्तारसाहेबांच्या उंबऱ्यावर बसून होते, एवढंच मला सासूबाईंनी सांगितलं. "राखन करीत व्हते का डूख धरून बसलेते, त्ये त्यांचं त्यान्लाबी ठावं न्हाई," असंही त्या म्हणाल्या.

जहागीर गेली. मुख्तारसाहेबांचे भाऊबंद हैदराबादला गेले, ते मात्र राहिले. त्यांच्या स्वतःच्या नावावर आमच्या बांधाला लागून थोडं काळं रान होतं. चाळिशीच्या आसपासचा माणूस, जन्मात औताला हात लावलेला नाही, तो एका सकाळी शेरवानीवर उपरणं बांधून वखर धरायला गेला. लोक बांधावर बसून बघायचे आणि हसायचे. मी एकदा धीर करून त्यांना विचारलं होतं, तुम्ही का नाही गेलात? ते म्हणाले, "सारी उमर लोकांची रानं कागदावर लिवली, बेटी. म्हटलं, रान असतं कसं, त्ये तर बघावं."

इकडे मामंजी सोसायटीचे चेअरमन झाले. सोसायटीचं ऑफिस कचेरीतच, आणि बसायला तीच वेताची खुर्ची. खुर्चीनं माणूस बदलतो की काय कोण जाणे. कॅम्पात जाऊन आलेले, गांधी टोपी घालणारे आमचे मामंजी ऑफिसात बसले की "दरखास्त द्या", "हजर करा", "मंजूर" असं बोलायला लागत. डावा हात खुर्चीच्या दांडीवर टाकून बसायची मुख्तारसाहेबांची ढबही त्यांनी नकळत उचलली होती. गावातल्या म्हाताऱ्यांना ते दिसायचं, पण मामंजी नाकावर माशी बसू देत नसत, मग सांगणार कोण? मुख्तारसाहेब मीटिंगला आले की दाराजवळच्या बाकावर, पायातलं पायाशी काढून, गुडघे जुळवून बसत. काही अडलं की मामंजी सेक्रेटरीला म्हणत, "त्यान्ला इचारा, त्यांच्या टायमाला हे कसं करायचे." सेक्रेटरी मान वळवून विचारायचा. उत्तरही त्याच वाटेनं यायचं. एकदा खुर्चीचा वेत उसवला. गावात कोणाला तो विणता येईना. शेवटी मुख्तारसाहेबांनीच बीडहून वेत आणला आणि दोन दिवस खाली मांडी घालून खुर्ची विणून दिली. ती विणून होईपर्यंत मामंजी उभे राहिले. दुसऱ्या खुर्चीवर बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

पोळ्याचा मानही फिरला. पहिली जोडी आता आमची. मुख्तारसाहेब आपली जोडी घेऊन सगळ्यांच्या शेवटी उभे राहत. त्यांना तसं कोणी सांगितलं नव्हतं. दरवर्षी वेशीत शिरताना मामंजी मागे वळून बघायचे. आम्ही बायका आरतीची ताटं घेऊन तिथेच असायचो. एका वर्षी मुख्तारसाहेब तापानं पडून होते, तर मामंजींनी पोळा फुटायच्या आधी दोनदा माणूस पाठवून "सगळे आले का" म्हणून चौकशी केली. सगळे म्हणजे कोण, ते आम्हाला कळत होतं.

अशी वीस-बावीस वर्षं गेली असतील आणि बहात्तरचा दुष्काळ पडला. त्या दुष्काळाचं मी काय सांगू? खडी फोडली, सुकडी खाल्ली, अमेरिकेहून आलेल्या मिलोच्या, म्हणजे लाल ज्वारीच्या, भाकरी थापल्या. त्या थापता थापता तव्याआधीच तुटायच्या. आमचे हे आष्टीला मास्तर होते, ते महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. जनावरांसाठी सोसायटीनं छावणी काढली. चेअरमन मामंजी, म्हणजे सगळ्यांच्या शिव्या त्यांनाच. चारा वाटप पहिल्या दावणीपासून सुरू व्हायचं आणि शेवटच्या दावणीला बुडखे तेवढे उरायचे. शेवटची दावण कोणाची, ते वेगळं सांगायला नको. तिथेही ते आपणहून मागे गेले होते. चार दिवसांनी मामंजींनी हुकूम काढला, एक दिवस वाटप पुढून, एक दिवस मागून. असं का म्हणून कोणी विचारलं तर म्हणाले, "चेरमन मी हाय का तू, बे?"

एवढं करूनही आमचा एक बैल छावणीत बसला तो उठलाच नाही. मुख्तारसाहेबांनी आपला एक नेकनूरच्या बाजारात मिळेल त्या भावानं देऊन टाकला. दुष्काळ सरला, पाऊस झाला, तेव्हा दोघांकडे एकेक बैल उरला होता. आमचा लालकंधारी जातीचा, त्यांचा देवणी.

एकेक बैल उरलेले गावात पुष्कळ होते. अशा वेळी आमच्याकडे सावड करतात. तुझा एक, माझा एक, जोडी एक. चार दिवस तुझ्या रानात, चार दिवस माझ्या. सोसायटी वगैरे निघायच्या आधीपासूनची ही सोसायटी, तिला ना चेअरमन ना शिक्का. आठ दिवसांत सगळ्या गावाच्या सावडी ठरल्या. राहिले दोघंच. मामंजींशी सावड करायला कोणी तयार नव्हतं, कारण त्यांच्या जुवाला जू लावलं की त्यांची बोलणीही खावी लागणार. आणि मुख्तारसाहेबांना कोणी विचारलंच नाही, कारण ते जाणार असं गाव धरून चाललं होतं.

ते खरंही होतं. त्यांचा मुलगा हैदराबादला छापखान्यात होता. त्यानं पत्र लिहिलं होतं, पोळ्याला न्यायला येतो. मुख्तारसाहेबांनी ते मला सांगितलं ते त्यांच्या बांधावर बसून. "मी त्याला लिवलं, यंदा हस्ताच्या पेरनीला रान तयार झालं तर मी राहनार. रान पडीक राहिलं तर मुकाट्यानं चलतो. आता बेटी, एका बैलावर कुठली पेरनी?" मग हसले. त्यांचं ते हसणं मला बिलकुल आवडलं नाही. माझे वडील लहानपणीच गेलेले. या माणसानं मला सासरी पहिल्यांदा 'बेटी' म्हटलं होतं, आणि हा आता जाणार म्हणून माझा जीव कासावीस झाला. घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी चुलीतली लाकडं पुढे सारली आणि मामंजींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जाऊ दे की. यान्लाबी बरं. पर मग अबोला धरनार कुनाशी?"

मामंजी जेवत होते. पाणी प्यायले, हात धुतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यान्ला इचार, सावड करता का."

झालं. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी मी दोन म्हाताऱ्यांची वकील झाले. ऐन पावसाळ्यात या घरून त्या घरी. बैल किती वर्षांचा? जुळला का, म्हणजे सगळे दात आले का? मारका आहे का? चिखलात बसतो का? पहिली पाळी कोणाच्या रानात? मामंजी म्हणत त्यांच्या, ते म्हणत चेअरमनसाहेबांच्या, आणि मी म्हणे कोणाच्याही, पण माझे पाय दुखायला लागले. शेवटी मुख्तारसाहेबांच्या रानात ठरलं.

त्या सकाळी मी न्याहारी घेऊन गेले तर वखर बांधाशी पडलेला आणि दोघं दोन बाजूंना तोंडं फिरवून उभे. दोन्ही बैल जुवाच्या एकाच अंगाला रेटत होते. जू आडवं व्हायचं सोडून तिरकं झालेलं. मला काही कळेना. मग मामंजी म्हणाले, "त्यान्ला सांग, त्यांचा बैल उजव्या खांद्याचा हाय." मी वळले, तोवर मुख्तारसाहेब म्हणाले, "त्यांना सांगा बेटी, त्यांचाबी."

बैलाला ज्या अंगाला जुंपायची सवय लावली, त्याच अंगाला तो जन्मभर चालतो, हे शेतकऱ्याच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दोघांनीही चांगला बैल कायम उजवीकडे जुंपला होता, आणि दुष्काळात हट्टानं राखला तोही तोच. दात विचारले, वय विचारलं, स्वभाव विचारला; खांदा कोणता हे कोणी विचारलं नाही. सरळ समोरासमोर उभे राहून बोलले असते तर पहिल्या वाक्यात निघालं असतं. मला इतका राग आला की न्याहारी बांधावर आपटून मी म्हणाले, "आता मी कुनाला काईच सांगनार न्हाई. तुमचं तुमी बघा." सासऱ्यासमोर एवढं तोंड मी आयुष्यात पहिल्यांदाच उघडलं.

तीन दिवस बैल दावणीला राहिले. आमचा डावीकडे जाणार नाही, मामंजींनी सांगून टाकलं. पोळा आठ-दहा दिवसांवर, मुलगा येणार, रानाला अजून वखराची एक पाळी नाही. चौथ्या दिवशी मुख्तारसाहेबच नमले. आमच्या दारात येऊन मला म्हणाले, "त्यांना सांगा, आमचाच घेतो डावीकडं. आमाला सवय हाय." दारामागे मामंजी होतेच.

मग रोज सकाळी मुख्तारसाहेब देवणीला डाव्या अंगाला जुंपत आणि त्याच्या मानेवर हात ठेवून बाजूनं चालत. त्याच्याशी उर्दूत काहीबाही बोलत. बैल जुळलेला, म्हातारपणाकडे झुकलेला. चार पावलं चालायचा आणि मान काढून उजवीकडे वळायचा. ते त्याला परत आणायचे. पुन्हा चार पावलं. तिसऱ्या दिवशी तो भर रानात बसला. मुख्तारसाहेबांनी त्याला मारलं नाही, ओढलं नाही. त्याच्याशेजारी ढेकळांवर तेही बसले आणि धोतराच्या सोग्यानं त्याचा खांदा पुसत राहिले. खांदा सोलला होता. मामंजी वखराच्या रुमण्यावर हात ठेवून ते बघत होते, आणि मी बांधावरून मामंजींना बघत होते. रात्री मामंजी जेवले नाहीत.

दुसऱ्या सकाळी मी न्याहारी घेऊन बांधावर चढले आणि तिथेच थबकले. देवणी उजवीकडे होता, त्याच्या मूळच्या जागी. डावीकडे आमचा लालकंधारी, आणि त्याच्या मानेला खेटून, धोतर वर खोचून, टोपी खिशात घातलेले चेअरमनसाहेब. मागे वखरावर मुख्तारसाहेब, हातात कासरा. बैल उजवीकडे घुसायला बघत होता आणि मामंजी त्याला खांद्यानं रेटत होते. दोघांनी मला पाहिलं नव्हतं. मध्ये कोणीच नव्हतं.

"कासरा जरा मागं वढा," मामंजी म्हणाले. "ह्यो फुडं जातोय. कच्चा हाय अजून."

"वढला," मुख्तारसाहेब म्हणाले.

एवढंच. बावीस-पंचवीस वर्षांनी बोलले ते हे. मी डोक्यावर टोपली घेऊन तशीच उभी राहिले आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. ते वखराचं तास संपवून वळले आणि मामंजींनी मला पाहिलं. लगेच त्यांचा चेहरा चेअरमनचा झाला. म्हणाले, "त्यान्ला सांग, न्याहारी आलीया."

पुढे कायम तसंच. त्या दिवसानं त्यांचा अबोला सुटला असं गावात कोणी सांगेल तर खरं मानू नये. बोलायचं ते माझ्याच तोंडून. मी असले की.

पोळ्याला मुख्तारसाहेबांचा मुलगा आला. तो आमच्याबरोबर वेशीशी उभा होता. मामंजी लालकंधारीला घेऊन सगळ्यांच्या पुढे आले, आणि मुख्तारसाहेब आपल्या एकट्या देवणीला घेऊन, सवयीप्रमाणे, सगळ्यांच्या मागे. मामंजी वेशीत थांबले. ऊन रणरणत होतं. मागची जोडीवाली मंडळी चुळबुळ करायला लागली. मामंजींनी मागच्याला सांगितलं, "त्यान्ला सांगा, फुडं या." निरोप एकेका जोडीवरून मागे गेला. तसाच उलटा आला, "आमची जागा हितंच हाय." मामंजी हलेनात. कचेरीच्या पायऱ्यांसमोर, जिथे त्यांना एकदा दिवसभर उभं केलं होतं, अगदी तिथेच ते उभे होते. घामानं सदरा भिजला. मग मला हाक मारून म्हणाले, "त्यान्ला सांग, एका बैलाचा पोळा व्हत न्हाई."

मी ताट सासूबाईंच्या हातात दिलं आणि सगळ्या गावादेखत मागे चालत गेले. मुख्तारसाहेबांनी ऐकलं आणि बैलाच्या कपाळावरचं बाशिंग उगाच सारखं केलं. मग त्यांनी दोरी धरली आणि रांगेच्या कडेनं पुढे निघाले. वेशीतून दोघं बरोबर गेले. लाल डावीकडे, देवणी उजवीकडे. सासूबाईंनी दोन्ही बैलांना ओवाळलं.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, अब्बा, सामान बांधू का? मुख्तारसाहेब म्हणाले, "कसं येऊ? त्यांचा बैल आत्ता कुठं डावीकडं चालायला लागला." हस्ताच्या पेरणीला चाड्यावर मूठ मीच धरली. तिफणीमागून चालत, मुठीतून चिमूट चिमूट ज्वारी सोडत. कासरा मुख्तारसाहेबांच्या हाती आणि मामंजी डाव्या बैलाच्या मानेशी.

मुख्तारसाहेब त्यानंतर पाच वर्षं राहिले. मधल्या काळात दोघांनाही दुसरा बैल घेता आला असता. घेतला नाही. देवणी थकला तेव्हा मुख्तारसाहेबांनी नवा आणला तो उजव्या खांद्याचाच. एका थंडीत ते झोपेत गेले. मातीला जाऊन आल्यावर मामंजी सोसायटीत गेले आणि म्हणे दाराजवळच्या बाकावर बसून राहिले. मुलानं जाताना तो बैल आमच्या दावणीला आणून बांधला.

पुढच्या हस्ताला आम्ही पेरणी काढली. कासरा धरायला उमापूरकडचा एक गडी होता, नवाच. मामंजी आता पुरते म्हातारे झाले होते, आणि लालकंधारीला डावीकडे चालायला कोणाची गरज उरली नव्हती. तरी ते त्याच्या मानेवर हात ठेवून चालत होते. चाड्यावर मी. तास अर्ध्यावर आलं असेल. मागे न बघता मामंजी म्हणाले, "त्यान्ला सांग, कासरा जरा मागं वढा."

गडी गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मामंजींचा हात बैलाच्या मानेवर थांबला होता. त्यांनी मान वळवली नाही.

"सांगते," मी म्हणाले, आणि चाड्यात मूठ सोडली.